डब्यातली ऋषीची भाजी



भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने आपल्या घरचा एक अनुभव लिहावा असे बाईंनी सांगितले. कोणी सहलीवर लिहिले, कोणी गणपतीच्या आरासीवर लिहिले. मी भाजीवर लिहिते. भाजीवर काय लिहायचे, असे म्हणून काही जण हसतील. पण ही रोजची भाजी नव्हे. ही ऋषीची भाजी आहे, आणि ती आम्ही शेतात नाही, डब्यांत पिकवली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी असते. त्या दिवशी कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सात ऋषींची व अरुंधतीची पूजा करतात. उपास धरणाऱ्या बायका त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातला तांदूळ चालत नाही, म्हणून आमच्याकडे वरीचा भात करतात. भाजीसुद्धा हाताने लावलेली किंवा आपोआप उगवलेलीच लागते. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळे, भोपळा, सुरण, मक्याची कणसे असे सगळे एकत्र शिजवायचे. आमच्या आजीच्या पद्धतीत या भाजीला फोडणी नाही आणि मसालाही नाही. हिरवी मिरची, मीठ, चिंचेचा कोळ आणि वरून ओले खोबरे, बस्स. चिंच नुसती चवीला नसते बरे का! अळूमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. आंबट घालून चांगले शिजवले की खाज राहत नाही.

आमच्या घरामागे परस होता. फार मोठा नव्हे, दहा पावले लांब नि सहा पावले रुंद. आजी त्यात पावसाळी भाजी करायची. कुदळीने खणायचे, हाताने पेरायचे. त्या जागेला बैलाचा पाय कधी लागला नव्हता, म्हणून ऋषिपंचमीला तिथलीच भाजी. २०२२ सालच्या गणपतीनंतर मागचा रस्ता रुंद झाला आणि परस त्यात गेला. मोबदला मिळाला. त्यातून बाबांनी गळके छप्पर काढून नवे पत्रे घातले. पण तसा परस कुठे विकत मिळतो? आता घराच्या मागे रस्ता, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचे गडगे आणि पुढे सिमेंट केलेले खळे. माती अशी कुठे नाहीच.

२०२३ च्या ऋषिपंचमीला आईने बाजारातून सगळ्या भाज्या आणल्या. आजीने भाजी केली, आम्हांला वाढली आणि आपण नुसता वरीचा भात खाऊन उठली. २०२४ ला पुन्हा तेच. आई म्हणाली, "अहो, थोडी तरी घ्या." आजी काही बोलली नाही. रागावली असती तरी बरे वाटले असते, पण ती गप्प बसली ते कोणालाच बघवेना.

माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. तो फार प्रश्न विचारतो. तो म्हणाला, "आजी, आता बैल कुठे आहेत? सगळीकडे पॉवर टिलर फिरतो. मग बाजारची भाजी तुला चालेल की!"

आम्ही सगळे हसलो. आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "टिलर दमत नाय रे बाबू, पण पिकवणारा माणूस दमतो ना? वर्षभर आपण दुसऱ्याच्या दमावर जेवतो. एक दिवस आपल्या दमावर जेवायचं. एवढंच हाय ते."

हे वाक्य माझ्या मनात राहिले.

मे महिन्यात साफसफाई करताना आजीने शिंक्यावरचे मडके खाली घेतले. त्यात राख होती आणि राखेत चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या. भेंडी, पडवळ, शिराळे, माठ. मक्याचे एक कणीस चुलीवर धुरात टांगलेले होते. हे सगळे बी २०२२ सालचे, परसातले शेवटचे. आजी म्हणाली, "बाय, बी ठेवायचं नसतं, पेरायचं असतं. आणखी एक वर्ष ठेवलं तर ह्यातलं काय उगवायचं नाय. माझ्या सासूपासूनचं बी हाय गो."

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. परस गेला तो गेलाच, पण आता बीसुद्धा जाणार होते.

बीची उगवण कशी तपासायची ते बाईंनी आम्हांला शिकवले होते. मी प्रत्येकाच्या दहा-दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि फडके रोज ओले केले. आठ दिवसांनी उघडून पाहिले. मक्याच्या दहापैकी सात दाण्यांना मोड आले होते, शिराळ्याच्या सहा बियांना आणि भेंडीच्या फक्त चार बियांना. पडवळाच्या तर पुरचुंडीत पाचच बिया होत्या. त्यांतल्या दोन उगवल्या. माठाचे बी बारीक, ते मोजत बसले नाही.

मग जागेचा प्रश्न आला. बाबा म्हणाले, "जमीन नाही तर नाही. डबे तर आहेत!" आम्ही सगळे शोधायला लागलो. तेलाचे पत्र्याचे चार डबे, रंगाच्या तीन बालद्या, खताच्या तीन रिकाम्या गोण्या, मासळीवाल्या मावशींनी दिलेली थर्माकोलची दोन खोकी आणि एक जुना हंडा जमला. बाबांनी खिळ्याने प्रत्येकाच्या बुडाला सात-आठ भोके पाडली. भोके नसली तर पाणी साचते आणि मुळे कुजतात. हंड्याला मात्र दोनच भोके ठेवली, कारण त्यात अळू लावायचे होते आणि अळूला ओल आवडते. बुडाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले. त्यावर दोन घमेली माती, एक घमेले जुने शेणखत आणि मूठभर राख या मापाने भरले. डबे जमिनीवर न ठेवता चिऱ्याच्या तुकड्यांवर ठेवले, म्हणजे भोके बुजत नाहीत. आजीने एक गोष्ट बजावली, "पागोळीखाली एक पण डबा ठेवू नका. धारेनं रोप मोडतं."

२०२५ साली पाऊस फार लवकर आला. २६ मे रोजीच तो मुंबईला पोचला होता. आम्ही मात्र पाऊस पाहून नव्हे तर पंचांग पाहून पेरले. त्या वर्षी ऋषिपंचमी २८ ऑगस्टला होती. तिथून मागे मोजत यायचे. मक्याला कणीस धरायला साधारण ८० दिवस लागतात, म्हणून तो ९ जूनला गोण्यांत पेरला, एका गोणीत दोन झाडे. शिराळ्याला ६० दिवस, भेंडीला ५० दिवस आणि माठाला ३० दिवस धरले. भेंडी कमी उगवते हे ठाऊक होते म्हणून एका जागी तीन-तीन बिया टाकल्या. हे वजाबाकीचे गणित मी केले. पडवळाचे मोड आलेले बी मात्र वाट पाहणार नव्हते. ते लगेच एका बालदीत लावले. दुसऱ्या बालदीत शिराळे लावले आणि तिसरीत मिरचीची रोपे.

डब्यातली शेती म्हणजे सोपे काम, असे कोणाला वाटेल. पण डब्यात माती थोडी असते आणि आपल्याकडचा पाऊस तिच्यातले खत धुऊन नेतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठभर शेणखत द्यावे लागते. चार दिवस ऊन पडले तर पाणी रोज घालावे लागते. गोगलगाई तर रात्रीच्या येतात. मी आणि भाऊ बॅटरी घेऊन बाहेर जायचो आणि त्यांना वेचून मिठाच्या पाण्यात टाकायचो. तरी एका रात्रीत पडवळाचे एक रोप त्यांनी खाल्ले. आता पडवळाचे एकच रोप राहिले.

जुलैत मोठा वारा आला आणि काठ्यांचा मांडव पडला. पडवळाचा वेल मधोमध मोडला. आजीने त्याला हात लावू दिला नाही. म्हणाली, "मूळ हाय ना, मग येईल." दहा-बारा दिवसांनी खालच्या पेराला नवा फुटवा आला. पडवळाची फुले रात्री उमलतात हे मला तेव्हा कळले. पांढरी, कडेने झालरीसारखी, फार सुंदर दिसतात.

मक्याची गंमत वेगळीच. त्याचा तुरा वर असतो आणि कणसाला खाली रेशमासारखे केस असतात. तुऱ्यातले पराग केसांवर पडले तर दाणे भरतात, एका केसाला एक दाणा. सहाच झाडे, त्यात पाऊस. म्हणून पाऊस उघडला की आम्ही सकाळी तुरे हलके हलवायचो. तरी कणसांत मधे मधे फटी राहिल्या. माझ्या भावाचे पुढचे दात पडलेले आहेत. बाबा म्हणाले, "हे कणीस कोणाच्या तोंडावर गेलं ते कळलं!"

गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी आम्ही भाजी काढली. भेंड्या चौदा, शिराळी दोन, मक्याची कणसे चार, माठाच्या दोन मोठ्या जुड्या, अळूची बारा पाने देठांसकट आणि मिरच्या. भोपळ्याची फोड आणि सुरणाचा तुकडा मामाच्या परसातून आला होता. तोसुद्धा कुदळीचाच. आणि मांडवाला एक पडवळ लोंबत होते. एकच. हातभर लांब. ते सरळ वाढावे म्हणून भावाने त्याच्या टोकाला दोरीने दगड बांधला होता.

आई कोयती घेऊन पुढे झाली. तेवढ्यात आजी म्हणाली, "त्याला नको."

मला फार वाईट वाटले. एवढे सगळे आजीच्या भाजीसाठी केले, आणि ऋषीच्या भाजीत पडवळ नाही म्हणजे काय? मी तसे बोलून दाखवले. आजीने मला जवळ बसवले. म्हणाली, "बाय, हे आज शिजवलं तर आज संपलं. ह्याच्या पोटात पुढची वर्षं हायत. पडवळ नाय म्हणून ऋषी काय रागवायचे नायत."

तीन भेंड्यासुद्धा तिने झाडावरच ठेवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, आजीने पूजा केली आणि भाजी केली. पाच माणसांना थोडी थोडी आली. आजीने आपल्या पानात वाढून घेतली. तीन वर्षांनी. ती हळूहळू जेवत होती आणि आम्ही सगळे आपले पान सोडून तिच्याकडे बघत होतो. मग ती आईला म्हणाली, "आणखी थोडी घाल." आईने घातली. आई एकदम आत गेली, ती डोळे पुसूनच बाहेर आली. भाऊ म्हणाला, "आजी, आपल्या दमावर झाली ना?" आजी म्हणाली, "झाली रे बाबू."

ऑक्टोबरमध्ये ते पडवळ पिकून तांबडे झाले. आजीने ते फोडले, बिया धुतल्या आणि सावलीत वाळवल्या. मी मोजल्या, अडतीस भरल्या! पाचातल्या दोन उगवल्या होत्या, दोनातले एकच झाड जगले होते, आणि त्या एकाच्या अडतीस झाल्या. तीन भेंड्यांतून दीडशेच्या आसपास बिया निघाल्या. मडक्यात नवी राख भरली आणि त्यात नव्या पुरचुंड्या ठेवल्या.

आता मला काय वाटते ते सांगते. बैलाचे कष्ट नकोत म्हटले की ते कष्ट नाहीसे होत नाहीत, ते आपल्याकडे येतात. वाटीभर भाजीमागे किती दिवस, किती पाणी आणि किती रात्री गोगलगाई वेचाव्या लागतात हे मला कळले. तेव्हापासून मी पानात भाजी टाकत नाही. आणि जमीन नाही म्हणून काही होत नाही, हेही खरे नाही. एक फुटका डबा, दोन घमेली माती आणि जिवंत बी एवढे असले तरी सुरुवात होते. यांतले डबा आणि माती कुठेही मिळतात. बी मात्र एकदा गेले की गेले.

पालकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी आजी असेल तर तिच्या मडक्यात काय आहे ते विचारा, आणि ते बी या वर्षीच पेरा. ऋषिपंचमीची तारीख दर वर्षी बदलते, तेव्हा पंचांग पाहून दिवस मागे मोजा. मका ८०, पडवळ आणि शिराळे ६०, भेंडी ५०, माठ ३०.

या भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला कागदाच्या दहा पुड्या टांगल्या आहेत. प्रत्येक पुडीत पडवळाच्या तीन बिया आहेत. आठ बिया आजीने घरी ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे लावायला डबा आहे त्यांनी एक पुडी न्यावी. पैसे नकोत. पीक आले की एक पडवळ झाडावर पिकू द्यावे आणि त्यातल्या तीन बिया पुन्हा याच खिळ्याला आणून टांगाव्यात.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी