डोके कुणाच्या हाती द्यावे?

मराठी माणसाने आपल्या भाषेत डोक्याला फार राबवले आहे. डोके फिरते, डोके उठते, डोक्याला ताप होतो. कुणी डोके खातो, कुणी डोक्यावर बसतो आणि गणित तर सर्रास डोक्यावरून जाते. कपाळाच्या वाट्याला आठ्या, करंटेपणा आणि मोक्ष. आम्हा हेडमास्तरांच्या तर हुद्द्यातच 'हेड' बसले आहे! इतके सगळे सोसणाऱ्या या अवयवाचे लाड मात्र वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे.

वास्तविक वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त अभ्यंग रोज करावा असे सांगितले आहे आणि डोके, कान व पाय या ठिकाणी तो विशेषेकरून करावा अशी पुस्तीही जोडली आहे. आमच्या सीमाभागात ही रीत दोन्ही भाषांत नांदते. आई पाटावर बसवून आमच्या डोक्यावर तेल थापायची, तेव्हा पलीकडच्या परसात शेजारच्या अव्वा नातवाच्या टाळूवर 'एण्णे' जिरवीत असायच्या. तेल तेच, ऊबही तीच.

शहापुरात माझा एक माजी विद्यार्थी मालिशचा व्यवसाय करतो. नववीत असताना त्याची दृष्टी गेली. लेखनिक घेऊन तो दहावी उत्तीर्ण झाला, पुढे मालिशचे रीतसर शिक्षण घेतले आणि दोन खोल्यांत काम सुरू केले. दारावरची पाटी कानडीत आणि मराठीत आहे. आलेल्याच्या पावलांवरून आणि पहिल्या शब्दावरून तो भाषा ओळखतो, मग "कुठं दुखतंय?" किंवा "एल्ली नोवु?" लोक येतात कंबर आणि पाठ घेऊन, तो मात्र सुरुवात डोक्यापासून करतो. "सर, माणूस आधी डोकं सोडतो, मग अंग सोडतो," असे त्याचे म्हणणे.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कामाच्या धबडग्यात माझे डोके रोज संध्याकाळी पट्टा आवळल्यासारखे दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले, रक्तदाब पाहिला, ताणामुळे होते म्हणाले. त्यानंतर मी याच्याकडे गेलो. त्यानेही आधी चौकशी केली: ताप आहे का, मानेचा काही त्रास, कधी चक्कर? चष्मा काढायला सांगितला, हात धुतले, तेल कोमट केले, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि थबकला.

"सर, तुमच्या पायाला हात लावायची सवय. डोक्याला कसा लावू?"

मी म्हणालो, "अरे बाळ, पायाला लावतोस तो नमस्कार. हे तुझे काम. कामाला संकोच कसला?"

मग त्याने कानशिलांवर बोटे ठेवली आणि दात आवळायला सांगितले. बोटांखाली काहीतरी टरारून उठले. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला हा स्नायू खरे तर जबड्याचा. माणूस चिंतेत नकळत दात आवळत राहतो आणि दुखते कपाळाच्या बाजूला. "वर्गात ओरडलेलं घशाला लागतं सर, न ओरडलेलं इथं साठतं," तो म्हणाला. केस न चोळता त्याने कवटीवरची कातडीच हलके हलके सरकवली. अंगठे भुवयांच्या मध्यापासून बाहेर नेले, गालांच्या हाडांखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत उतरवले. कपाळावर येऊन तो थांबला. "मी तुम्हाला शेवटचं पाहिलं, तेव्हा इथं दोनच आठ्या होत्या. आता तीन आहेत." हेडमास्तराच्या चेहऱ्याला न्हाव्यावाचून सहसा कोणी हात लावत नाही. तो चेहरा कुणीतरी असा वाचला, याने मला काय वाटले ते सांगणे अवघड आहे.

दुखणे मुळापासून बरे करतो, असा दावा तो करीत नाही. हलके वाटते, एवढेच सांगतो. मानेला मात्र तो कधी झटका देत नाही. मान कटकन मोडून घेण्याची हौस पुष्कळांना असते. पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यात इजा होऊ शकते. केस धुताना मान मागे ताणली गेल्यामुळे पक्षाघात झालेल्या पाच स्त्रियांची नोंद वाइनट्रॉब या अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञाने १९९३ मध्ये केली होती.

या कामाचा इतिहासही हलका नाही. 'शाम्पू' हा शब्द हिंदीतल्या 'चाँपो'वरून, म्हणजे आपल्या चंपीच्याच घराण्यातून, इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास ब्रायटनला मर्दनाचे स्नानगृह उघडले आणि पुढे ते चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नरेंद्र मेहता या अंध भारतीय गृहस्थांनी लंडनमध्ये डोक्याच्या मालिशचे वर्ग चालवले. आपल्याकडे मात्र 'मालिशवाला' म्हटले की जॉनी वॉकर आठवून हसायचे, एवढेच. १९५७ च्या 'प्यासा'ने ते काम घरोघर पोहोचवले खरे. पण काम करणाऱ्याला पाटावर कोणी बसवले नाही.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला त्याला व्यासपीठावर बोलवावे असे मी सुचवले. समितीतल्या एकांनी कपाळाला आठ्या घातल्या. बोलवायचेच तर पत्रिकेत 'वेलनेस सल्लागार' छापू, अशी तडजोड पुढे आली. मी ते शब्द खोडून 'मालिशकार' लिहिले. डॉक्टर, अभियंता, वकील आपापल्या नावाने छापले जात होते. यालाच तेवढे टोपणनाव का? त्याने पत्रिका मुलीकडून वाचून घेतली आणि मला फोन केला. "सर, धंदा छापलात," एवढेच म्हणाला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

ज्याच्या हाती आपण डोळे मिटून डोके देतो, त्याच्यावर आपला केवढा विश्वास असतो! मग चारचौघांत त्याच्या कामाचे नाव घ्यायला जीभ का अडखळावी? यंदा पहाटे तेलाची वाटी कोमट कराल, तेव्हा मुलांची डोकी झाल्यावर ती लगेच उचलून ठेवू नका. घरात कुणीतरी म्हातारे असेल, कामाला येणारी बाई असेल. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून कित्येक वर्षे झाली असतील.