मधली वेळ

कुर्ल्यातली झोप कधी पूर्ण नसते. नेहरूनगरच्या खिडकीत हायवे रात्रभर घोंघावतो, यार्डात डबे एकमेकांवर आदळतात, पहाटेची पहिली लोकल उशाखालून जाते आणि डोळे मिटलेले असले तरी कानाचं एक दार किलकिलं राहतंच. मावसभावाचं यकृत बदलायचं ठरलं तेव्हा मला धास्ती वाटली ती या दाराची. तेही बंद होणार होतं.

आधीच्या तपासण्यांत भूलतज्ज्ञ बाई भेटल्या. ‘‘तो झोपला की तुम्ही काय करता?’’ मी विचारलं. ‘‘मधल्या वेळात त्याचं यकृत होतो,’’ त्या म्हणाल्या.

ती मधली वेळ मला आजही दिसते. जुनं यकृत निघालेलं, नवं अजून जोडायचं. चढवलेल्या रक्तातलं सायट्रेट पचवायला कुणी नाही म्हणून कॅल्शियम उतरतं, आम्ल साठतं, अंग गार पडतं, रक्त गोठणं विसरतं, आणि उशाशी उभं असलेलं माणूस सुईच्या टोकातून एकेक उणीव भरत राहतं. मग चिमटे सुटतात. बर्फात जपलेल्या यकृतातला गारवा, पोटॅशियम, सारं घेऊन रक्त हृदयाकडे धावतं. पडद्यावरची रक्तदाबाची लाल रेघ कोसळते, नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस वाढतो, कुणी बोलत नाही, आणि आतल्या त्या राखाडी मांसावर हळूहळू गुलाबी उजाडतं.

रेघ सावरते.

१ मार्च १९६३ला डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं यकृतरोपण केलं, तेव्हा ते लहान मूल रक्तस्रावानं टेबलावरच गेलं. त्या टेबलापासून माझ्या भावाच्या टेबलापर्यंतची वाट सर्जनांइतकीच उशाशी उभ्या राहणाऱ्यांनीही तुडवली. पण घरात बोलबाला सर्जनचाच. मावशीला त्यांचं नाव, गाव, मुलं कुठे शिकतात, सगळं पाठ; बाईंना ती अजून ‘त्या भूलवाल्या’ म्हणते. बाईंना त्याचं काही वाटत नसावं. मला वाटतं.

भाऊ आता घरी आहे, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरतो. त्या तासांतलं त्याला काही आठवत नाही.

तुमच्या घरावर अशी वेळ आली, तर सर्जनबरोबर भूलतज्ज्ञांचंही नाव विचारून घ्या. आणि त्यांच्यापासून दारू, दमा, हलणारा दात, काहीही लपवू नका.