राहतो, राहतोय, राहत आलोय

इंग्रजीचा साधा आणि चालू वर्तमानकाळ आपण सगळेच शाळेत पाठ करतो. नेहमीची गोष्ट असेल तर ‘आय गो’, आत्ता चालली असेल तर ‘आय अ‍ॅम गोइंग’. ही, शी, इट आले की क्रियापदाला ‘एस’ लागतो. चालू काळाला अ‍ॅम, इज, आर यांपैकी एक आणि क्रियापदामागे ‘आयएनजी’. नियम एवढाच. तरी ‘आय अ‍ॅम नोइंग’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. निस्सिम इझिकिएल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत हीच लकब पकडली आहे. वर्गात ती वाचताना आपण खूप हसलो होतो.

पण ही लकब निव्वळ निष्काळजीपणाची नाही. मराठीत ‘मला समजतंय’, ‘मला ऐकू येतंय’ अगदी बरोबर आहे. इंग्रजीला मात्र समजणं, माहीत असणं या कृती वाटत नाहीत, त्या अवस्था वाटतात. म्हणून तिथे सहसा ‘आयएनजी’ लागत नाही. आमच्या कोयलीत गुजरातीची भर पडते. ‘हुं जाउं छुं’ म्हणजे ‘मी जाते’ आणि ‘मी जातेय’ही. संदर्भावरून समजून घ्यायचं.

माझे पप्पा 1994 मध्ये वसईहून कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला आले. ही रिफायनरी सोव्हिएत मदतीने उभी राहिली आणि 1965 मध्ये सुरू झाली. देशभरातली माणसं इथे आली, तसेच पप्पा. माझा जन्म इथलाच. कोणी विचारलं तर मी सरळ ‘आय लिव्ह इन कोयली’ म्हणते. पप्पा अजून म्हणतात, ‘सध्या कोयलीला राहतोय.’

आता ते रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार. वसईला परत जायचं की वडोदऱ्यातच घर घ्यायचं, हे घरात ठरत नाहीये. आईला वसई हवी, मला इथेच राहायचंय. परवा त्यांनी निरोपाचं इंग्रजी भाषण मला तपासायला दिलं. पहिलंच वाक्य: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन कोयली सिन्स 1994.’

मी सांगितलं, ‘पप्पा, सिन्स आलं की आय हॅव बीन लिव्हिंग. नुसतं अ‍ॅम लिव्हिंग म्हटलं तर तात्पुरतं वाटतं.’

‘आणि आय लिव्ह?’

‘ते कायमचं.’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘हॅव बीनमध्ये पुढचं काही येतं का?’

‘नाही. तेव्हापासून आत्तापर्यंत, एवढंच.’

‘मग तेच लिही.’

मी लिहिलं. व्याकरण बरोबर झालं. घराचं अजून ठरायचंय.