मामांची कुस्ती

लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा असो की नांदेडकडची माळेगावची, कुस्त्यांचा फड उघडतो तो पोराटोरांच्या रेवडीच्या कुस्तीने. हलगी तापते, डाव रंगत जातात आणि ऊन कलल्यावर मानाची कुस्ती लागते. रेवडीपासून मानापर्यंतचं अंतर यात्रेत एका दिवसाचं. पैलवानाच्या आयुष्यात ते उमेदीची सगळी वर्षं खातं, आणि माथ्यावर उभं राहायला मिळतं फार थोडं.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांना तिथं जेमतेम आठेक वर्षं मिळाली. 1969 साली महाराष्ट्र केसरी. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. 1977 मध्ये बेंगळुरूला दिल्लीच्या सतपालवर मात. त्या काळात लातूर जिल्हासुद्धा नव्हता. तो झाला 1982 साली. म्हणजे सगळे ज्याला लातूरचा पैलवान म्हणत, तो कागदोपत्री उस्मानाबादचाच!

आमच्या काळ्या रानात ज्वारी पिकते, तूर पिकते. पैलवान पोसायचा तर दूध, तूप, बदाम लागतात. जिरायती घराला हा खुराक परवडायचा कसा? म्हणून पोरगं तांबड्या मातीसाठी कोल्हापूरच्या तालमीत गेलं. बहात्तरच्या दुष्काळात इथं माणसं खडी फोडत होती, तेव्हा आपल्याकडचा एक गडी मोठ्या मैदानांत कुस्त्या मारतोय, याचं अप्रूप केवढं असेल!

पदकं-किताबांचं कौतुक झालंच, पण मला त्यांची खरी कारकीर्द त्यानंतरची वाटते. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते ‘मामा’ झाले. पोरांना पहाटे उठवायचं, जोर काढून घ्यायचे, चुकलेला डाव पुन्हा धरायला लावायचा. या कामाला ना हलगी, ना फेटा. तिकडे सतपालही वस्तादच झाले. ऑलिंपिकमध्ये दोन पदकं मिळवणारा सुशीलकुमार त्यांचा पठ्ठा. मातीत समोरासमोर ठाकलेल्या दोघांनीही पुढं दुसऱ्यांची पोरं घडवली. त्या जुन्या लढतीचा निकाल मला त्यामुळं आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

2011 मध्ये मामा गेले. त्यांच्या तालमीत वाढलेल्या बीडच्या राहुल आवारेने 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळवलं आणि ते मामांना अर्पण केलं.