शर्यतीचे राखणदार

मद्रासचें चेन्नई होऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. तरी त्या शहरांत उतरतांच आमच्या तोंडीं जुनेंच नांव येतें. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस एका घरगुती कामासाठीं आम्ही तेथें गेलों, आणि नेहमींप्रमाणें धाकट्या मेहुणीच्या घरीं उतरलों. मोटारींच्या शर्यती पाहण्याची हौस आम्हांस कधींच नव्हती. परंतु त्या आठवड्यांत शहरांत दुसरा विषयच नव्हता, आणि मेहुणीच्या घरांत तर त्यावरून रोज चकमक झडत होती. कारण तिचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकणारा मुलगा त्या शर्यतीचा मार्शल, म्हणजे स्वयंसेवक राखणदार, म्हणून उभा राहणार होता.

शर्यतीची जागा पाहण्यासारखी खरीच. कूवम नदीनें वेढलेल्या ज्या भूमीस आयलंड ग्राउंड्स म्हणतात तिच्या भोंवतालचे रस्ते या कामीं घेतले होते. फ्लॅगस्टाफ रस्ता, 1869 सालचा नेपियर पूल, शिवानंद सालै व अण्णा सालै मिळून साडेतीन किलोमीटरांचें कडें, आणि त्यांत 19 वळणें. जवळच सर टॉमस मन्रोचा अश्वारूढ पुतळा आहे. पेशवाईच्या अखेरच्या युद्धांत 1818 सालीं सोलापूरचा किल्ला घेणारा तोच हा मन्रो. त्याच्या घोड्यास रिकिबी नाहींत, ही गोष्ट मद्रासकर पाहुण्यांस आवर्जून दाखवितात. एरवीं ज्या रस्त्यावरून बसगाड्या व रिक्षा दाटीवाटीनें जातात, त्याच्या दोन्ही कडांस आतां सिमेंटच्या भिंती आणि त्यांवर उंच लोखंडी जाळ्या उभ्या होत्या. रात्रीच्या दिव्यांत, शहराच्या रस्त्यावर होणारी भारतांतील ही पहिलीच शर्यत. ती खरें पाहतां डिसेंबर 2023 मध्येंच व्हावयाची. पण मिचौंग वादळानें शहर पाण्याखालीं गेलें आणि ती लांबणीवर पडली.

शहराबाहेरच्या कायमच्या मार्गावर गाडी घसरली तर तिला वाळूंत वा मोकळ्या जागेंत जाऊन थांबण्यास वाव असतो. शहरांतल्या रस्त्यावर तो नसतो. चुकलेली गाडी सरळ भिंतीवर जाते. म्हणून येथें राखणदाराचें काम अधिक नाजूक. भाच्यानें तें आम्हांस जेवतां जेवतां समजावून सांगितलें. प्रत्येक वळणापाशीं एक चौकी, चौकीवर एक प्रमुख, त्याच्याजवळ बिनतारी संदेशाचें यंत्र. त्याच्या हाताखालीं निशाणवाले, आग विझविणारे आणि अडकलेली गाडी हलविणारे. पिवळें निशाण म्हणजे पुढें धोका. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळें म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, वाट द्या. आणि तांबडें म्हणजे सर्व कांहीं बंद. नियंत्रणकक्षांतून शर्यतीचे प्रमुख अधिकारी आज्ञा देत नाहींत तोंवर कोणीं भिंतीपलीकडे पाऊल टाकावयाचें नाहीं. येणाऱ्या गाडीकडे पाठ करावयाची नाहीं. टाळ्या वाजवावयाच्या नाहींत, छायाचित्रें काढावयाचीं नाहींत.

“मग शर्यत केव्हां पाहतोस?” आम्हीं विचारलें.

“काका, आम्हांला शर्यत दिसतच नाहीं. एक वळण दिसतें. कोण जिंकलें, तें घरीं आल्यावर कळतें.”

या कामाचें वेतन असें कांहीं नसतें. जेवण आणि झाला तर किरकोळ भत्ता. मेहुणीचा सगळा राग त्यावरच. “फुकटचा जीव धोक्यांत घालण्यास कोणीं सांगितलें आहे याला?” परंतु तिचे सासरे आप्पा नातवाच्या बाजूचे. ते पेरांबूरच्या रेल्वे-डब्यांच्या कारखान्यांत नोकरीस लागून मद्रासकर झाले. तरुणपणीं ते शोळावरमला, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या जुन्या धांवपट्टीवर, शर्यती पाहण्यास जात. 1953 सालीं निघालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबानें त्या भरविल्या, पुढें इरुंगाट्टुकोट्टै येथें कायमचा मार्ग बांधला. आणि या सर्व काळांत निशाणें धरण्यास कोणी बँकेंतला, कोणी कारखान्यांतला, कोणी महाविद्यालयांतला माणूस सुटीच्या दिवशीं येऊन उभा राहत आला. भाचाही इरुंगाट्टुकोट्टैच्या उन्हांतच हें काम शिकला होता.

शनिवार, 31 ऑगस्ट उजाडला. भाचा पहांटेसच घराबाहेर पडला होता. शर्यतीविरुद्ध उच्च न्यायालयांत अर्ज झाले होते. मार्गालगत मोठें सरकारी रुग्णालय असल्यानें ते निरर्थक म्हणवणार नाहीं असें आम्हांसही वाटतें. न्यायालयाची अट अशी कीं, मोटारक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचें, म्हणजे फिआचें, मार्ग सुरक्षित असल्याचें प्रमाणपत्र दुपारीं बाराच्या आंत मिळालें पाहिजे. बारा वाजले, प्रमाणपत्र आलें नाहीं. मुदत वाढली, ती शेवटीं रात्रीं आठापर्यंत गेली. घरांत मेहुणी येरझारा घालीत होती. “म्हणजे रस्ता सुरक्षित नाहीं असेंच झालें कीं नाहीं? आणि माझा मुलगा तेथें उभा!”

आप्पा शांतपणें म्हणाले, “सूनबाई, सही करण्यास घाई न करणारा माणूस तेथें बसला आहे, हेंच तुझ्या मुलाचें चिलखत. त्यानें डोळे मिटून सही केली असती, तर मी स्वतः जाऊन पोराला घरीं आणलें असतें.”

आप्पांचें बोलणें अनुभवाला धरून होतें. नोव्हेंबर 2023 मध्यें अमेरिकेंत लास व्हेगासच्या रस्त्यावर मोठ्या थाटानें नवी शर्यत भरली. आणि पहिल्याच सरावांत, दहा मिनिटें होण्यापूर्वीं, रस्त्यांतील पाण्याच्या झडपेचें झांकण उखडून एका फेरारी गाडीचा तळ फाटला. सराव तेथेंच थांबवावा लागला. शहरांतल्या रस्त्याखालीं नळ, गटारें व तारा असतात. त्यांचें एकेक झांकण पक्कें बसलें आहे कीं नाहीं हें पाहणारा माणूस कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं.

आणि भाच्यास पाठ असलेले ते नियम? तेही कोणी खुर्चींत बसून रचलेले नाहींत. 1977 सालीं दक्षिण आफ्रिकेंतील क्यालामी येथें पेट घेतलेल्या गाडीकडे धांवत मार्ग ओलांडणारा 19 वर्षांचा स्वयंसेवक दुसऱ्या गाडीखालीं सांपडला. त्याच्या हातांतील अग्निशामक नळकांड्याच्या आघातानें त्या गाडीचा चालकही दगावला. 2001 सालीं मेलबर्न येथें उद्यानांतील रस्त्यांवरच्या शर्यतींत निखळलेलें चाक जाळीच्या फटींतून आलें आणि तेथील स्वयंसेवक मृत्यु पावला. ताशीं 200 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत 55 मीटर अंतर तोडते. तेवढ्यांत माणसाला मान वळविण्यासही अवधि मिळत नाहीं. या गोष्टी आम्हीं त्या वेळीं मेहुणीस सांगितल्या नाहींत. परंतु तिला त्या ठाऊक होत्या असें तिच्या मुद्रेवरून वाटलें.

आठाच्या आंत प्रमाणपत्र आलें. त्या रात्रीं सरावाच्या गाड्या धांवल्या, आणि रविवारीं, 1 सप्टेंबरला, शर्यती झाल्या. भाच्यानें मिळवून दिलेल्या तिकिटावर आम्ही जाळीमागें बसलों. गाड्या म्हणाल तर एक रंगीत फटकारा आणि कानठळ्या. ओळख पटण्यापूर्वींच नाहींशा होत. दोन फेऱ्यांनंतर आमची दृष्टि समोरच्या चौकीवर खिळली. नारिंगी पोषाखांतील दोघेजण तेथें उभे होते. एक येणाऱ्या गाड्यांकडे पाही, दुसरा गेलेल्यांकडे. दोघांची नजर कधीं एका दिशेस नाहीं. मध्येंच पिवळें निशाण फडकलें, गाड्यांचा सूर उतरला. थोड्या वेळानें हिरवें दिसलें आणि पुन्हां गर्जना सुरू झाली. काय झालें होतें तें आमच्या भोंवतालच्या कोणासही कळलें नाहीं.

भाचा मध्यरात्रीं उलटून गेल्यावर घरीं आला. तोंडावर काजळी, घसा बसलेला. “तुझ्या वळणावर काय झालें?” म्हणून आप्पांनीं विचारलें. “कांहीं नाहीं,” तो म्हणाला. आप्पांनीं त्याच्या पाठीवर थाप मारली. आम्हांस तें उत्तर फिकें वाटलें होतें. आप्पांस त्याची किंमत कळत होती.

दुसऱ्या दिवशीं श्रावणी अमावास्या, पिठोरी. तिन्हीसांजेस मेहुणीनें पूजा केली, खीरपुरीचें ताट डोक्यावर घेतलें आणि रीतीप्रमाणें पाठमोरी बसून विचारलें, “अतीत कोण?” एवढा मोठा मुलगा, पण हातांतलें काम टाकून मागें येऊन उभा राहिला. बसलेल्या आवाजांत तो म्हणाला, “मी.” तिनें पुन्हां विचारलें, त्यानें पुन्हां उत्तर दिलें. रीतीप्रमाणें तीन वेळां पुरे होतें. त्या दिवशीं तिनें चौथ्यांदाही विचारलें.