दहावा माणूस

मुंबईच्या गेटवेवरून लाँचमध्ये बसलात की तासाभरात मांडवा. तिथून एस.टी. पकडा, की आलंच अलिबाग! अलिबाग म्हटलं की तुम्हांला आठवेल समुद्र, कुलाबा किल्ला आणि ओहोटीच्या वेळी किल्ल्याकडे निघालेल्या घोडागाड्या. पण पुढच्या सुट्टीत किनाऱ्यावर पळण्याआधी थोडी वाट वाकडी करा. ‘इस्राएल आळी कुठे?’ असं कुणालाही विचारा.

नाव ऐकून गंमत वाटली ना? कोकणात इस्राएल कुठून आलं? ऐका तर. फार फार वर्षांपूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटलं आणि त्यातले सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी इथल्या ज्यू लोकांची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरागत कथा आहे. ते कोकणात राहिले, मराठी बोलू लागले. तेलाचे घाणे चालवू लागले. त्यांच्या धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवे गावचे ते दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या सिनेमातला प्रेमळ जॉनचाचा पाहिलाय? ते काम करणारे डेव्हिड हे चेऊलकरच बरं का!

आळीत ‘मागेन अबोथ’ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे. ते मूळचं १८४८ सालचं. आत जायचं तर परवानगी घ्या आणि डोक्यावर टोपी किंवा रुमाल घ्यायला विसरू नका.

आता एक गणित सांगतो. सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थना म्हणायची, तर जुन्या रिवाजाप्रमाणे किमान दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. पूर्वी याची काळजी कुणाला नव्हती. १९४८ च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. त्याच वर्षी इस्राएल देश स्थापन झाला आणि पुढे एकेक कुटुंब तिकडे जाऊ लागलं. काहीजण शिक्षण-नोकरीसाठी मुंबई-ठाण्याला गेले. आज अख्ख्या भारतात मिळून काही हजार ज्यू उरले आहेत. अलिबागेत तर बोटांवर मोजण्याइतकीच घरं. मग दहा माणसं जमवायची कुठून?

इथेच तुमच्या वयाच्या मुलाची किंमत कळते. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा या मोजणीत धरला जातो! सातवी-आठवीतला पोरगा सकाळी लवकर उठून आला, तर तो दहावा माणूस ठरतो. त्याच्या एकट्याच्या येण्याने नऊ आजोबांची प्रार्थना पुरी होते.

मदतीच्या आणखीही तऱ्हा आहेत. नववर्षाच्या सणाला या घरांतून चिकाचा हलवा होतो. गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर एकत्र करून मंद आचेवर तासन्‌तास घोटायचं. हात थांबला की खाली लागलंच! सत्तरीतल्या आजींना ते एकट्याने कसं झेपावं? अशा वेळी नातवंडांचे हात कामी येतात. नातवंडं दूर इस्राएलात असतील, तर शेजारच्या मुलांचे. घोटता घोटता आजी प्रमाण सांगते आणि कृती पुढच्या पिढीच्या हातात उतरते.

मुंबईतही एकाकी, गरजू वृद्ध आहेत. ‘जॉइंट’ ही अमेरिकेत १९१४ मध्ये सुरू झालेली ज्यू संस्था तिथे त्यांच्यासाठी काम करते. तिच्यातर्फे परदेशांतली तरुण मुलंमुली वर्षवर्षभर मुंबईत येऊन राहिली आहेत. बाहेरून आलेल्यांना एक अडचण मात्र येणारच. आजी-आजोबांचं मन मोकळं होतं ते मराठीत! जुन्या मराठी प्रार्थना आणि कीर्तनं, घाण्याच्या बैलाच्या गोष्टी, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेला पोह्यांचा मलिदा, हे सगळं त्यांनी मराठीत साठवलंय. ते ऐकायला मराठी कान हवेत. ते तर तुमच्याकडे आहेतच!

म्हणून अलिबागला गेलात आणि आळीतल्या कुणा आजोबांनी ओसरीवर बसवून घेतलं, तर घाई करू नका. तुमचं आडनाव कुठल्या गावावरून? घाणा कधी बंद पडला? मलिद्यात काय काय घालता? असं विचारा आणि वहीत लिहून घ्या. पुन्हा येईन म्हणालात, तर मात्र नक्की जा. नऊजण जमून दाराकडे बघत बसले, की त्यांना दहाव्याची वाट किती असते, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.