‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

लॅपटॉपवर लिनक्स बसवून झाला की बहुतेकांचा हात आधी रंगरंगोटीकडे वळतो. पार्श्वभूमीचं चित्र बदलायचं, आयकॉनचा नवा संच उतरवायचा, खालची पट्टी वर न्यायची, खिडक्यांचे कोपरे गोल करायचे. यात गैर काही नाही. नव्या घरात गेल्यावर माणूस आधी पडदेच लावतो. पण मराठीत लिहिणाऱ्याने सुरुवात दुसरीकडून करावी, असं माझं मत आहे. एक कोरी फाइल उघडावी आणि तिच्यात दोन शब्द टाइप करावेत: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. पहिल्यात सह्याद्री आहे, दुसऱ्यात गिरगाव चौपाटीपुढचं पाणी. लिपीच्या हिशेबाने फरक एवढाच, की पहिल्यातला र पापणीसारखा आडवा होऊन ‘य’ला चिकटतो आणि दुसऱ्यातला रफार होऊन डोक्यावर बसतो. हिंदीला या पापणीचं काम पडत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून केलेली सोय नेमकी इथे अडखळू शकते. दोन्ही शब्द धड उमटले, नंतर शोधल्यावर सापडले आणि यादीत योग्य जागी बसले, तर पाया ठीक आहे असं समजावं. पडदे मग सावकाश लावता येतात.

लिनक्सची बाजू मांडणारे पहिलं कारण सांगतात ते तो फुकट असल्याचं. मला ते सगळ्यांत लंगडं कारण वाटतं. ज्या मुंबईत विंडोजच्या चोरट्या सीडी फुटपाथवर मांडून विकल्या गेल्या, तिथे फुकटपणाचं अप्रूप कुणाला असणार? दुसरं कारण सुरक्षिततेचं. ते खरं आहे, पण जो बँकेचा ओटीपी फोनवर कुणालाही वाचून दाखवतो त्याला कुठलीच यंत्रणा वाचवू शकत नाही. माझं कारण वेगळं आहे. मराठीच्या लिखाणात अशा काही बारीक गोष्टी आहेत ज्यांच्यासाठी जगातली कुठलीही मोठी कंपनी रात्र जागवणार नाही: ही पापणी, मराठी वळणाचा पाकळीचा ल, देठाचा श, ‘ह’नंतर येणारा ळ, ‘ॲ’ची चंद्रकोर. लिनक्सवर या प्रत्येक गोष्टीचा निर्णय कुठल्या ना कुठल्या फाइलीत लिहिलेला असतो, ती फाइल उघडून वाचता येते, बदलता येते आणि बदललेली दुसऱ्याला देता येते. लॅपटॉप आपल्या मनासारखा करणं याचा मी घेतो तो अर्थ हा.

हा विचार मुंबईला नवा नाही. जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. पुढे त्याचा कोलभाट गल्लीतला पत्ता संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर देशभर गेला. निर्णयसागरच्या अक्षराचं जे कौतुक झालं त्याचं श्रेय राणोजी रावजी आरू यांच्या हाताला आहे. अक्षरांचे पंच, म्हणजे मूळ ठसे, तेच कापत. छापखाने तेव्हा इतरांचेही होते, पण जो दुसऱ्याकडून खिळे विकत घेतो त्याला जोडाक्षर खटकलं तरी जुळाऱ्यावर वैतागण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. ज्याच्या घरात पंच आणि मातृका (खिळा ओतायचे साचे) आहेत तो ते जोडाक्षर पुन्हा कापतो. आता यावर कुणी म्हणेल की प्रत्येक लॅपटॉपवाल्याने अक्षरं कापत बसायचं काय? मुळीच नाही. निर्णयसागरचं पुस्तक विकत घेणाऱ्यानेही कधी पंच हातात धरला नव्हता. चारपाच जणांना ते करता यावं आणि त्यांनी केलेलं बाकीच्यांना वापरता यावं, एवढी व्यवस्था असली की पुरे.

संगणकाच्या काळातला पुरावा याहून नेमका आहे, कारण त्यात माणूस एकच आहे. र. कृ. जोशी हे मुंबईचे अक्षरकार, आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी शिकवलं. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) त्यांचा. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात असताना त्यांनीच ‘रघू’ हा देवनागरी टंक केला आणि तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. याच केंद्रात ‘इंडिक्स’ नावाच्या प्रकल्पाने लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या थेट खालच्या थरातच उमटाव्यात यासाठी काम केलं होतं. २००३ मध्ये हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झालं. मंगल आणि रघू ही एकाच हाताची दोन अक्षरं. मंगलची मालकी विंडोजच्या कंपनीकडे, तेव्हा त्यातलं एखादं जोडाक्षर खटकलं तर मुंबईच्या अक्षरकाराचं काम असूनही मुंबईकराने तिकडे अर्ज करायचा. रघूत खटकलं तर उघडून दुरुस्त करायचं. जोशी २००८ मध्ये गेले. त्यानंतर मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने ‘मुक्ता’ हा सात वजनांचा टंक खुल्या परवान्याने दिला, आणि धोबी तलावाला कचेरी असलेल्या राज्य मराठी विकास संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ आणले. म्हणजे लॅपटॉपसाठी लागणारं उत्तम मराठी अक्षर या शहरात घडलेलं, कायद्याने खुलं आणि तयार आहे. आपण ते उतरवून घेत नाही, एवढंच.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे. तिचे तीन थर आहेत: कळफलक, टंक आणि स्थानिक संकेत. कळफलकासाठी मी इनस्क्रिप्टचा पक्षपाती आहे. १९८६ पासून ठरलेली ही मांडणी लिनक्समध्ये आधीपासून असते. सेटिंगमध्ये मराठी निवडायची, बाहेरून काही आणावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘दर्या’ लिहायला इंग्रजी ओ, जे, डी, तिरकी रेघ आणि ई या पाच कळा. ‘दऱ्या’ लिहायला त्याच पाच, फक्त जे दाबताना शिफ्ट. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात एका शिफ्टचं अंतर. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या पद्धती पहिल्या दिवशी सोप्या वाटतात, पण त्यांपैकी काहींत ही पापणी साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तयार होते, तर इनस्क्रिप्टमध्ये ती ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून होते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि चारशे पानांच्या मजकुरात ‘कोऱ्या’ शोधलं तर निम्मे सापडतच नाहीत. एक युक्ती जाता जाता सांगतो: मराठी-इंग्रजी बदलासाठी कॅप्स लॉकची कळ नेमावी आणि तिचाच दिवा मराठीची खूण म्हणून लावावा. अंगठा आणि मधलं बोट यांची कसरत थांबते, आणि आजवर त्या कळीचा उपयोग चुकून ओरडून लिहिण्यापलीकडे कुणाला झाला होता?

टंकाच्या थरात एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. चांगल्या देवनागरी टंकात ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं असू शकतात. कुठलं दाखवायचं हे मजकुराला कोणत्या भाषेची खूण लावली आहे त्यावर ठरतं. म्हणून लिब्रेऑफिसमध्ये नुसता टंक बदलून भागत नाही, परिच्छेदाची भाषा मराठी करावी लागते. हे एकदाच मूळ साच्यात करून ठेवलं की प्रत्येक नवी फाइल मराठी वळणानेच उघडते. तसंच टंकांच्या व्यवस्थेला एका छोट्या फाइलीत सांगून ठेवता येतं की मराठी मजकूर आला तर आधी मुक्ता घे, तो नसेल तरच दुसरा. मग ब्राउझर, मेल, फाइलींची नावं, सगळीकडे एकच अक्षर दिसतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मात्र देवनागरीचे हाल अजून संपलेले नाहीत. तिथे प्रत्येक अक्षराला सारखाच चौकोन देण्याचा हट्ट असतो आणि आपली जोडाक्षरं चौकोनात राहणाऱ्यांतली नाहीत.

तिसरा थर स्थानिक संकेतांचा. वारांची आणि महिन्यांची नावं, तारखेची मांडणी, अंकांमधले स्वल्पविराम, वर्णक्रम हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं, आणि यातला प्रत्येक भाग वेगळा निवडता येतो: मेनू इंग्रजीत ठेवून तारीख मराठीत. वर्णक्रमाचं महत्त्व लेखापालाला विचारा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी बसवला आहे, आपल्या कोशांत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या तक्त्याप्रमाणे यादी लावली तर सोसायटीच्या सभासदांत काळे हे कावळ्यांच्या आणि कासारांच्या आधी जाऊन बसतात, आणि कोशाच्या सवयीने शोधणारा त्यांना शेवटी शोधत राहतो. क्षुल्लक वाटेल, पण मतदार यादीत नाव शोधलेल्या कुणालाही ते क्षुल्लक वाटणार नाही. शिवाय लालबाग-परळच्या एका खोलीच्या घरात लॅपटॉप एकच आणि वापरणारे चौघं, हे नेहमीचं चित्र. लिनक्सवर प्रत्येकाचं खातं, कळफलक, भाषा आणि अक्षराचा आकार वेगळा ठेवता येतो, आणि आपली सगळी मांडणी एका फोल्डरात राहते. चाळ पाडून टॉवरमध्ये जाताना देव्हारा उचलून नेतात तसा तो फोल्डर पुढच्या लॅपटॉपवर न्यायचा.

या सगळ्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप डीटीपीवाल्यांचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. गिरगाव-दादरच्या लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं यांचा धंदा कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या टंकांवर उभा राहिला. कारागिराचा हात त्यावर वीस-वीस वर्षं बसला आहे. उद्यापासून लिनक्सवरची इंकस्केप आणि स्क्रायबस वापरा असं त्याला सांगणं म्हणजे सुताराला डाव्या हाताने रंधा मारायला लावणं. स्क्रायबसच्या पक्क्या आवृत्तीत जोडाक्षरं नीट जुळू लागली तीही २०२४ च्या १.६ मध्ये, म्हणजे उशिराच. पण या जुन्या टंकांची किंमतही मोजू या. त्यांत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या खणात ठेवलेलं असतं. फाइलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच साठतात आणि प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. टंक हरवला की मजकूर म्हणजे निरर्थक खुणांचा ढीग. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये काढलेला ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक कागदावर आजही वाचता येतो; १९९९ च्या अहवालाची फाइल मात्र तो विशिष्ट टंक किंवा रूपांतराचं साधन असल्याशिवाय वाचता येत नाही. केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ पासूनचा. इतक्या जुन्या परंपरेच्या मंडळांनी आपली दप्तरं अशा टंकांत ठेवावीत का? माझा सल्ला म्हणून मधला आहे: छपाई ज्याच्या हाताला जे येतं त्यात होऊ दे, मजकूर मात्र युनिकोडमध्ये लिहून जपावा, आणि तो लिहायला लिनक्सचा लॅपटॉप उत्तम.

फोनवर सगळं होतं, मग लॅपटॉप कशाला, असंही म्हणतात. निरोपापुरतं होतं. इतिवृत्त, प्रबंध, हिशेब बोटाच्या पेरावर लिहिता येत नाहीत. (अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे, ही गंमत वेगळी.) शिकवणार कोण, हा प्रश्न जास्त रास्त. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठी निवेदनाचे धडे आहेत. केरळने सरकारी शाळांमध्ये लिनक्स रुजवला आणि मल्याळमही त्याच्याबरोबर पडद्यावर आलं; तेव्हा हे शिक्षकांना न झेपणारं आहे असं म्हणता येत नाही. मराठी मेनू कृत्रिम वाटतो ही तक्रार मला मान्य आहे. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणून मराठीचं काय भलं झालं ते कळत नाही. पण हे भाषांतरही साध्या मजकुराच्या फाइलींतच असतं आणि ते स्वयंसेवकांनी केलेलं असतं, तेव्हा ज्याला ‘धारिका’ खटकते त्याने ‘फाइल’ लिहून पाठवावं.

टॅलीवर धंदा चालत असेल, डिजिटल सहीचं डोंगल रोज लागत असेल, तर एक विंडोज यंत्र ठेवावंच; तिथे हट्ट करू नये. बाकीच्यांसाठी काळ अनुकूल आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने, पण धडधाकट लॅपटॉप माळ्यावर जायच्या बेतात आहेत. लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आणून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवावी, मेमरी चारच जीबी असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा. डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून पाहावा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, ‘दऱ्या’ उमटतात का. प्रिंटरही त्याच वेळी जोडून बघावा. एचपीचे बहुतेक प्रिंटर निमूट चालतात. आपल्याकडच्या कचेऱ्याकचेऱ्यांत बसलेला कॅननचा एलबीपी २९०० असेल, तर ती दुपार मोकळी ठेवावी.